बोटांना वाचता येतील अशा पाट्या : मसुरे पंचक्रोशीतील दृष्टिबाधितांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सरपंच व सदस्य, मसुरे परिसरातील ग्रामपंचायती
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, मालवण
मा. तहसीलदार, मालवण
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
तसेच मसुरे पंचक्रोशीतील गाळेमालक, दुकानदार, पतसंस्था, बँकांच्या शाखा, दवाखाने, मंगल कार्यालये आणि निवास-न्याहारी चालवणारी कुटुंबे

विषय : लोकांची ये-जा असलेल्या व्यापारी व सेवा इमारतींत ब्रेल, उठावाची अक्षरे आणि स्पर्शाने कळणाऱ्या लाद्या बसवण्याबाबत.

महोदय / महोदया,

मसुरे आणि आसपासच्या वाड्यांतील अंध व अल्पदृष्टी असलेली माणसे आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. मागणी एका वाक्यात सांगता येते. ज्या इमारतीत पैसे, औषध, धान्य, कागदपत्र किंवा रात्रीचा निवारा मिळतो, तिथे आपण कुठे आलो आणि पुढे कुठे जायचे हे डोळस माणूस भिंतीवर वाचतो; आम्हालाही ते भिंतीवरच वाचता आले पाहिजे. पुढे लिहिले आहेत ते याच वाक्याचे तपशील. असली कामे बिघडतात ती तपशिलात, म्हणून जरा लांबण लागली आहे.

हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणी दृष्टी नसलेला आला तर आम्ही हात धरून नेतो की, मग पाटी कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे. आमच्या भागात माणसे खरेच हात धरून नेतात, एसटीत बसवून देतात, कुठे उतरवायचे ते कंडक्टरला बजावून सांगतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हा हात पाटीच्या बदल्यात पुढे केला जातो याची. थकलेल्या हप्त्याबद्दल बोलायला पतसंस्थेत गेलेल्या माणसाला वसुलीचे टेबल कुठले हे मोठ्याने विचारावे लागते, आणि रांगेतल्या सगळ्यांना त्याच्या घरचा हिशेब कळतो. दवाखान्यात कुठली खोली हे विचारले की बाकावर बसलेल्यांना आजाराचा अंदाज येतो. बाईमाणसाला शौचालयाचे दार अनोळखी पुरुषाला विचारावे लागते, आणि आत गेल्यावरही ते बायकांचेच आहे ना याची धाकधूक राहते. गाव लहान असल्यामुळे हे जास्त बोचते. शहरात निदान कोणी ओळखत नाही. शिवाय दुपारी दीड ते चारच्या दरम्यान बाजारात हात धरायला कोणी नसतेच. अर्धी शटरे खाली असतात आणि उघडे दुकान नेमके कोणते, हे प्रत्येक शटर चाचपून शोधावे लागते.

अंधशाळेत शिकून परत आलेला आमचा एक सदस्य हे दोन ओळींत सांगतो: "माका ब्रेल वाचूक येता. पण हयसर लिवलेला खय आसा?"

हात आणि पाटी या दोन वेगळ्या सोयी आहेत, हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. त्याच्या नवव्या कलमात लोकांसाठी खुल्या इमारतींत ब्रेलमधील आणि सहज वाचता-समजता येतील अशा पाट्या लावण्याची जबाबदारी एका पोटकलमात आहे. वाटाड्या, वाचून दाखवणारा, खुणांच्या भाषेचा दुभाषी अशी माणसांची मदत पुरवण्याची जबाबदारी त्याच्या पुढच्या पोटकलमात आहे. दोन्ही हव्यात. एक दिली म्हणून दुसरी सुटत नाही.

देशाचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची त्यातली व्याख्या व्यापारी मंडळींनी एकदा जरूर वाचावी. सरकारी असो वा खासगी, लोक जिथे ये-जा करतात ती इमारत त्यात येते. व्यापार, शिक्षण, आरोग्यसेवा, धार्मिक आणि करमणुकीच्या जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे "आमचे दुकान खासगी आहे" हे उत्तर या कायद्यापुढे चालत नाही. कलम 44 प्रमाणे सुगम्यतेच्या मानकांत न बसणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम 45 मध्ये जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम जाहीर झाल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षे दिली होती. नियम जून 2017 मध्ये जाहीर झाले. पाच वर्षे जून 2022 मध्ये संपली. कलम 46 सेवा देणाऱ्या सरकारी व खासगी अशा दोघांनाही लागू आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. उल्लंघनाला पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढे 50,000 ते 5 लाख रुपये दंड कलम 89 मध्ये आहे.

दंडाची भीती घालण्यासाठी हे लिहिलेले नाही. गावातल्या दुकानदाराला दंड व्हावा अशी आमच्यापैकी कोणाचीही इच्छा नाही. उधारीवर तांदूळ देणारा तोच आहे. पण "हे ऐच्छिक आहे, सवडीने बघू" असे जे सांगितले जाते, त्याला आता आधार उरलेला नाही. राजीव रतूरी या दृष्टिबाधित नागरिकाने 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याच प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. मानके नुसत्या शिफारशींसारखी ठेवणारा केंद्राच्या नियमावलीतला 15 वा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत वेगळी काढा, असा आदेश दिला. कायदा 'करावेच लागेल' म्हणतो आणि नियम 'केले तर बरे' म्हणतो, हा गोंधळ मोडण्यासाठीच तो निकाल होता. आमच्या ग्रामपंचायतींनी आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयांनी त्याचा अर्थ आपल्या टेबलापर्यंत आणावा.

आता मुद्दा आमच्याकडच्या इमारतींचा. अशी मानके लिहिताना मॉल, विमानतळ, पंचतारांकित हॉटेल डोळ्यांसमोर असतात. मसुऱ्यात लिफ्ट नाही, सरकता जिना नाही. आमच्याकडची व्यापारी इमारत म्हणजे चिऱ्याचे किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचे बांधकाम, खाली चार-सहा गाळे, समोर ओटा, ओट्याला दोन-तीन पायऱ्या आणि त्याही सगळ्या सारख्या उंचीच्या नसतात, बाजूने वर जाणारा उघडा जिना, वर एखादे कार्यालय, दवाखाना किंवा शिकवणी. गाळ्यांना क्रमांक असतो तो फक्त कागदावर. दुकानाचे नाव शटरच्या वर फ्लेक्सवर. तिथे पोचायला आम्हाला शिडी लागेल. अशा इमारतीला काय हवे, ते आम्ही एकत्र बसून, फिरून ठरवले आहे.

सर्वात आधी जागा. पाटी कशाची आहे यापेक्षा ती रोज, सगळीकडे, त्याच ठिकाणी सापडते की नाही याला आम्ही जास्त महत्त्व देतो. डोळस माणूस मान फिरवून पाटी शोधतो. आम्ही हात फिरवून शोधतो, आणि हात सगळ्या भिंतीवर फिरवता येत नाही. तिथे पाल असते, बोर्डाची उघडी वायर असते, नुकताच चुना लावलेला असतो. म्हणून मागणी अशी: पाटी दारावर नको, दाराच्या कडीकडच्या बाजूला भिंतीवर हवी. आपल्याकडे दार उघडे टाकण्याची सवय आहे. दारावर लावलेली पाटी दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभी असते. शिवाय दारावरची पाटी वाचत असताना आतून कोणी दार ढकलले तर ते थेट कपाळावर. दोन फळ्यांचे दार असेल तर आत जाणाऱ्याच्या उजव्या हाताला, आणि शटर असेल तर उजवीकडच्या खांबावर. उंची जमिनीपासून 1.2 ते 1.5 मीटर. अमेरिकेत 1990 च्या दिव्यांग कायद्याखालील मानकांतही पाटी कडीच्या बाजूला आणि 48 ते 60 इंचांच्या पट्ट्यात असते. जवळपास तोच पट्टा आम्ही धरला आहे, कारण उभ्या माणसाचा हात कोपरात वाकवून तिथे आपसूक पोचतो.

पाटीपुढे पोते, खराट्यांची जुडी, थंड पेयांचे क्रेट किंवा मोटारसायकल नको. सांगायला साधी, पाळायला सर्वात कठीण मागणी हीच आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आमच्याकडे जूनपासून चार महिने एका हातात छत्री असते आणि दुसऱ्या हातात काठी. वाचायला हात उरतोच कुठे? म्हणून पाटी फाटकाच्या खांबावर, उघड्या पावसात लावू नये. ती पडवीत किंवा छपराखाली, छत्री मिटल्यावर पहिल्यांदा हात जाईल तिथे असावी.

दुसरी मागणी मजकुराची. पाटीवर तीन गोष्टी एकत्र हव्यात: उठावाची देवनागरी अक्षरे, त्यांच्याखाली मराठी ब्रेल आणि ठळक रंगविरोध. तिन्ही का, ते सांगतो. ब्रेल येणारे दृष्टिबाधित सगळे नसतात. आमच्यातच पाहिले तर उतारवयात मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे नजर गेलेले लोक बरेच आहेत. 50 वर्षांवरील लोकांच्या 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही अंधत्वाचे सर्वात मोठे कारण मोतीबिंदूच निघाले, सुमारे दोन-तृतीयांश. ही माणसे आयुष्यभर देवनागरी वाचत आली. सत्तरीत त्यांना ब्रेल शिका म्हणणे म्हणजे पाटी न लावण्यासारखेच. त्यांच्यासाठी उठावाची अक्षरे. मात्र देवनागरीच्या शिरोरेषेवरून बोट घसरत जाते आणि अक्षरांच्या खालचे-वरचे काने-मात्रे एकमेकांत मिसळतात. तेव्हा सुलेखनाची हौस इथे नको. सरळ, एकसारख्या जाडीची, सुटी-सुटी अक्षरे हवीत, एक मिलिमीटरभर वर आलेली. ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी गडद पाटीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरे, आणि चकाकी नसलेला पृष्ठभाग. ट्यूबलाइट परावर्तित करणारी झगझगीत पाटी अल्पदृष्टीच्या माणसाला कोरी दिसते.

मग ब्रेल कोणासाठी? जे शाळेत शिकले आणि ज्या मुलांनी पुढे शिकावे असे आपण म्हणतो त्यांच्यासाठी. मुंबईत दादरची अंधशाळा 1900 मध्ये सुरू झाली, ताडदेवची 1902 मध्ये. भारतीय भाषांना सामाईक असे भारती ब्रेल 1951 मध्ये स्वीकारले गेले आणि मराठी त्याच लिपीत लिहिली जाते. स्वागत थोरात यांनी 15 फेब्रुवारी 2008 रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. म्हणजे शाळा आहे, लिपी आहे, वाचनाची गोडीही आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे 5 लाख 74 हजार लोक नोंदले गेले. त्यांच्यापैकी ब्रेल शिकलेला माणूस पुस्तकात वाचतो आणि रस्त्यावर आला की निरक्षर होतो. शिकवलेल्या लिपीला गावात कुठेच जागा नसेल तर पोराने ती कशाच्या भरवशावर शिकायची?

जागेची सबब कोणी सांगू नये. ब्रेलमध्ये उकार-मात्रा अक्षराच्या खाली-वर लागत नाहीत, त्यांना पुढचे स्वतंत्र घर मिळते. 'मसुरे' हे नाव पाच घरांत बसते, साधारण साडेतीन सेंटिमीटर. 'शौचालय' सहा घरांत. कुठल्याही गाळ्याच्या खांबावर एवढी जागा असते. दुकानाची सगळी जाहिरात ब्रेलमध्ये मागत नाही आम्ही. गाळा क्रमांक, दुकानाचे किंवा कार्यालयाचे नाव, आणि आत गेल्यावर रोकड खिडकी, चौकशी, खोलीचा उपयोग, शौचालय, जिना व बाहेर पडायचा दुसरा रस्ता, एवढेच. शौचालयाच्या पाटीवर शब्दांखेरीज उठावाचे चित्रही हवे; न वाचणाऱ्या डोळस माणसालाही त्याचा उपयोग होईल.

टिंबांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पाटीचा सगळा जीव तिथे आहे. ब्रेलचे टिंब एक मिलिमीटरही उंच नसते. अमेरिकी मानकात ते 0.6 ते 0.9 मिलिमीटर आहे. तर्जनीचे टोक त्यावरून डावीकडून उजवीकडे हलके सरकते आणि घर ओळखते. टिंब बोथट झाले किंवा दोन टिंबांमधले अंतर चुकले की तिथे नुसता खरखरीतपणा लागतो. अशा पाट्या आम्ही जिल्ह्याबाहेर हाताळल्या आहेत. काही ठिकाणी ब्रेल नुसते छापलेले असते: डोळ्यांना टिंबे दिसतात, बोटाला गुळगुळीत प्लास्टिक लागते. काही ठिकाणी पाटी काचेच्या चौकटीत असते. काही ठिकाणी ती उलटी ठोकलेली असते, कारण ठोकणाऱ्याला वरची बाजू कुठली हे कळायला मार्ग नव्हता. या पाट्या फोटोसाठी असतात. तेव्हा आमची आग्रहाची मागणी आहे की कोणतीही पाटी बसवल्यावर ब्रेल येणाऱ्या माणसाने ती बोटाने वाचून मान्य केल्याखेरीज तिचे बिल देऊ नये. वाचून देण्याचे काम आमची संघटना विनामूल्य करील.

दुसरा धोका रंगाचा. चतुर्थीच्या आधी आमच्याकडे घरे-दुकाने रंगवतात, काही जण शिमग्याआधीही. ऑइलपेंटचे दोन हात मारले की एवढीशी टिंबे बुजून जातात, आणि रंगाऱ्याला पाटी स्वच्छ, नवी दिसते. रंगकामाआधी पाटी काढता येईल अशा स्क्रूवर बसवावी किंवा तिच्यावर कागद चिकटवावा. तोरण, हार, कॅलेंडर, 'उधार बंद'चा कागद आणि मतदानाच्या वेळचे पत्रक यांनाही हेच लागू.

सामानाची निवड खाडीकाठच्या हवेला सोसेल अशी हवी. गड नदीच्या मुखाकडची आमची हवा खारी आणि दमट. लोखंडी पत्र्याला एका पावसाळ्यात गंज चढतो, चिकटवलेले प्लास्टिक कडेने सुटते, भिंतीला बुरशी येते. समुद्राच्या हवेसाठी वापरतात त्या 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील, पितळ किंवा जाड अॅक्रिलिक आम्ही सुचवतो. उन्हात तापणाऱ्या भिंतीवर मात्र धातू नको, एप्रिलमध्ये बोट टेकवत नाही. बोलणारी यंत्रे, मोबाइलवर वाचून दाखवणारे अॅप हे सगळे आम्ही वापरतो आणि त्यांचे स्वागतही करतो, पण ते पाटीच्या जोडीला. पहिल्या वादळी पावसात वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि मोबाइलचे नेटवर्क विजेच्या मागोमाग जाते. उठावाच्या पाटीला चार्जिंग लागत नाही.

बँकांच्या बाबतीत वेगळी मागणी करण्याची गरजच पडू नये. 1 जुलै 2014 पासून बसवले जाणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे आणि ब्रेल कळफलक असलेले असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरीही तालुक्यातल्या एका एटीएममध्ये आमच्या सदस्याला कळफलकावर ब्रेल सापडले आणि इयरफोनचे छिद्र मात्र निकामी. शेवटी पिन रखवालदाराला सांगून पैसे काढावे लागले. मागणी एवढीच की शाखाधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा स्वतः इयरफोन लावून, डोळे मिटून एक व्यवहार करून पाहावा.

जमिनीवरच्या लाद्यांचा विषय आम्ही मुद्दाम आखडता घेतला आहे. स्पर्शाने कळणाऱ्या लाद्या जपानच्या सेईची मियाके यांनी शोधल्या आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. उभ्या रेघांची लादी म्हणजे पुढे चला, गोल टिंबांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. जगभर हीच खूण चालते. आपल्याकडे मात्र शहरांत त्या पिवळी सजावट म्हणून अंथरल्या जातात, आणि रेघ धरून चालणारा माणूस विजेच्या खांबावर आदळतो. आमच्या लहान इमारतींत सगळीकडे लाद्या नकोत. पायऱ्यांच्या आधी आणि जिन्याच्या वर-खाली टिंबांची लादी, ओटा संपतो तिथे टिंबांची लादी, आणि रस्ता व दार यांच्यामध्ये मोकळे अंगण असेल तर तेवढ्यापुरती रेघांची वाट. चिऱ्याच्या खडबडीत फरशीवर काठीला फरक कळत नाही. तिथे लादीभोवती गुळगुळीत पट्टा सोडावा. पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी ओढली तर अल्पदृष्टीच्याच काय, सगळ्याच म्हाताऱ्या माणसांचे पाय वाचतील. जिन्याला कठडा हवा आणि कठड्याच्या सुरुवातीला वर काय आहे ते ब्रेलमध्ये हवे.

आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. तिथल्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी कौल घेऊन ठरते आणि ठरली की मुंबईपासूनचे लोक कणकवली स्थानकावर उतरू लागतात. लाखांनी माणसे येतात. त्यांत आमच्यासारखे असतात, पण त्यांना घरचे लोक बहुधा आणत नाहीत, कारण गर्दीत सुटला तर सापडणार कसा. जत्रेच्या काळात जी तात्पुरती दुकाने, शौचालये, मदतकक्ष आणि गाड्यांच्या जागा उभ्या राहतात, त्यांपैकी निदान शौचालये, मदतकक्ष आणि एसटीच्या तात्पुरत्या स्थानकाला सुट्या, काढता-घालता येणाऱ्या स्पर्शपाट्या असाव्यात. त्या एकदा केल्या की दरवर्षी वापरता येतील. नियोजनाच्या बैठकीला आमचा एक प्रतिनिधी बोलवावा. जिल्ह्याला पर्यटन जिल्हा म्हणून 1997 मध्ये जाहीर केले. आता सिंधुदुर्ग किल्ला 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मालवणात येणारा पर्यटक भरतगड पाहायला मसुऱ्याकडे वळू लागेल. निवास-न्याहारी चालवणाऱ्यांनी आपल्या खोल्यांना उठावाचे क्रमांक लावले तर त्यांचा धंदाच वाढेल. पण हे आम्ही धंद्याच्या आमिषाने मागत नाही. एकही पर्यटक आला नाही तरी गावातली माणसे आहेतच.

आता अंमलबजावणी. नव्या व्यापारी बांधकामाचा अर्ज ज्या कार्यालयाकडे येईल, त्याने नकाशातच पाट्यांच्या जागा आणि लाद्या दाखवून घ्याव्यात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेतच. त्या तपासणी यादीत याव्यात. ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला देताना आणि नमुना 8 ला नव्या गाळ्याची नोंद करताना हीच अट घालावी. भिंत उभी राहताना पाटी बसवायला चार स्क्रू लागतात, नंतर गाळामालक आणि भाडेकरू यांच्यात कोणी करायचे यावर दोन वर्षे जातात. आमच्या मते मूळ पाटी आणि लाद्या मालकाच्या, आतल्या पाट्या भाडेकरूच्या.

जुन्या इमारतींत क्रम लावावा: आधी दवाखाने व औषध दुकाने, मग बँका, पतसंस्था, रेशन दुकान व विकास सोसायटी, त्यानंतर मंगल कार्यालये आणि शेवटी इतर दुकाने. पहिल्या दोन गटांना सहा महिने, बाकीच्यांना दीड वर्ष. ज्या लहान दुकानदाराला खरेच परवडत नाही त्याच्यासाठी ग्रामपंचायतीने सगळ्या पाट्यांची एकत्र मागणी नोंदवून दर कमी करून घ्यावा. एकेक पाटी मुंबईहून मागवली तर महाग पडणारच.

पैशांबाबत एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची असते. त्या रकमेतून खासगी दुकानांच्या पाट्या करू नयेत. तो पैसा माणसांच्या काठ्या, उपचार, शिक्षण आणि पोटापाण्यासाठी आहे, आणि तो वेळेवर मिळत नाही हा आमचा वेगळा, जुना विषय आहे. ग्रामपंचायतीची स्वतःची इमारत, व्यापारी गाळे आणि सार्वजनिक शौचालये यांचा खर्च इमारत दुरुस्तीच्या निधीतून करावा.

तक्रार ऐकणारा एक माणूस नावानिशी ठरवावा. कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सरकारी आस्थापनांत तक्रार निवारण अधिकारी असतोच. पंचायत समितीत तो कोण, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि अर्थातच ब्रेलमध्ये लिहावे. तीन महिन्यांत काही हालचाल दिसली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाण्याचा मार्ग आम्हाला खुला आहे. तो वापरायची वेळ येऊ नये असे वाटते.

शेवटची मागणी संयुक्त पाहणीची. ग्रामपंचायत, व्यापारी आणि आमची संघटना यांनी मसुऱ्याच्या बाजारातून एकदा एकत्र फिरून इमारतवार यादी करावी. दिवस ठरवताना डिसेंबरातली कोरडी, गार सकाळ निवडू नये. जुलैमधला बाजाराचा दिवस घ्यावा, वेळ सकाळी अकराची, आणि येणाऱ्या प्रत्येकाने छत्री आणावी. काठ्या आम्ही देऊ.

आपले नम्र,
मसुरे पंचक्रोशीतील दृष्टिबाधित व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय यांच्या संघटनेकरिता
अध्यक्ष व सचिव
मसुरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग